अंकीय अभिकल्प व निर्मितीचे शिक्षण

अंकीय अभिकल्प व निर्मितीचे शिक्षण : वस्तूचा आकार संगणकावर मापांसह रेखाटणे (अंकीय अभिकल्प) आणि त्याच रेखाटनावरून संगणक-नियंत्रित यंत्राने ती वस्तू घडविणे (अंकीय निर्मिती), या दोन गोष्टी नवशिक्यास एकत्र शिकविण्याची पद्धती. तीत मुख्यतः लेसर कर्तन यंत्र, त्रिमितीय मुद्रक, संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्र व साधी इलेक्ट्रॉनीय मंडले यांचा उपयोग करतात.

परंपरागत तांत्रिक शिक्षणात आरेखन आणि कर्मशाळा यांचे तास वेगळे असतात. कुशल कारागीर ही दोन अंगे मनात जोडू शकतो. नवशिक्यास ते जमत नाही. संगणकाच्या पडद्यावरील रेषेला जाडी नसते व तेथील प्रत्येक जोड बिनचूक बसतो. त्यामुळे आराखड्यातील दोष वस्तू हाती येईपर्यंत दिसतच नाही. उदा., ३ मिमी. म्हणून विकत घेतलेले प्लायवूड प्रत्यक्षात २·८ मिमी. भरते. शिवाय लेसर शलाका कापताना सु. ०·२ मिमी. रुंदीची पट्टी जाळून टाकते. म्हणून ३ मिमी. रुंद रेखाटलेली खाच सु. ३·२ मिमी. होते आणि डब्याचा जोड खुळखुळतो. यावर उपाय म्हणून विद्यार्थ्याकडून प्रथम कंगव्यासारखा एक नमुना कापून घेतात. त्यातील खाचा २·४ मिमी.पासून ०·१ मिमी.च्या फरकाने वाढत जातात. २·६ मिमी. रेखाटलेली खाच पट्टीला घट्ट धरते, हे हाताला कळले की शलाकेची रुंदी वजा का करावयाची हे निराळे सांगावे लागत नाही. यापुढील पायरी म्हणजे आराखड्यात जाडीचा ठरावीक आकडा न घालता तिला चल मानणे. पत्रा बदलला की एक किंमत बदलावयाची व सर्व खाचा आपोआप बदलतात. बीजगणितातील चलाचा इतका मूर्त प्रत्यय शाळेत क्वचितच येतो.

प्रत्येक यंत्र असाच आपापला धडा देते. त्रिमितीय मुद्रक वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर एकावर एक रचतो. थरांमधील सांधा दुबळा असल्याने उभा मुद्रित केलेला आकडा (हूक) भाराने तुटतो, तोच आडवा मुद्रित केल्यास टिकतो. मिलिंग यंत्राचे पाते गोल फिरत असल्याने आतला काटकोनी कोपरा त्याला कापता येत नाही. काही बाबी मात्र अनुभवावर न सोडता आधीच सांगाव्या लागतात : पीव्हीसी लेसरने कापल्यास हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निर्माण होतो.

संगणक-नियंत्रित यंत्रणाचे मूळ अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत १९५२ मध्ये दाखविण्यात आलेल्या संख्यात्मक नियंत्रणाच्या मिलिंग यंत्रात आहे. त्याच संस्थेत नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘(जवळजवळ) काहीही कसे बनवावे’ अशा अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून ‘फॅब लॅब’ ही छोट्या सार्वजनिक कर्मशाळेची कल्पना पुढे आली. २००९ च्या सुमारास वितळ-थर मुद्रणाच्या मूळ एकस्वाची मुदत संपली आणि मुद्रक शाळांच्या आवाक्यात येऊ लागले.

एमआयटीबाहेरच्या अगदी आरंभीच्या फॅब लॅबांपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ (ता. शिरूर) येथील विज्ञान आश्रमात स्थापन झाली. ही निवड आकस्मिक नव्हती. अन्नतंत्रज्ञ श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये या अवर्षणप्रवण गावात आश्रम सुरू केला, तो प्रत्यक्ष काम करीत शिकणे आणि त्या कामाने गावाची गरज भागविणे या तत्त्वावर. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन व गृह-आरोग्य या चारही विभागांत विद्यार्थ्याने काम करावयाचे, असा तेथील निवासी अभ्यासक्रम आहे. लोखंडी सांगाड्याची घुमटाकार घरे आणि लहान ट्रॅक्टर तेथे तयार झाले होते. म्हणजे संगणकीय यंत्रे आली तेव्हा त्यांना करावयास काम होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमशी या विचाराचे नाते उघड आहे. मात्र तेथे चरख्यासारखे साधन वर्षानुवर्षे हाती राही, येथे साधन दर आठवड्याला बदलू शकते. या वैविध्यात कौशल्य उथळ राहण्याचा धोका आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

केंद्र शासनाच्या नीती आयोगाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या अटल नवप्रवर्तन अभियानातून इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ उघडल्या गेल्या. त्यासाठी शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. अशा प्रयोगशाळेची खरी कसोटी अनुदानापेक्षा घडविण्याच्या वस्तूंच्या निवडीत आहे. नावाची पाटी आणि किल्लीची साखळी एकदा करून झाली, की पुढे काय?

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यापुरता हा प्रश्न ठोसपणे मांडता येतो. येथील चुनखडीवर गडचांदूर, आवारपूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांतील यंत्रे बाहेरून अभिकल्पित होऊन येतात; ती चालविण्याचे शिक्षण आणि वस्तू कल्पिण्याचे शिक्षण यांत अंतर आहे. दुसरीकडे जिल्ह्याच्या वनांत बांबू आहे, बुरुडकामाची परंपरा आहे आणि चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे वन विभागाने बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही स्थापन केले आहे. बांबू हा नवशिक्यासाठी प्लायवूडपेक्षा अवघड, पण अधिक बोधप्रद पदार्थ होय. त्याचा व्यास बुंध्याकडून शेंड्याकडे घटत जातो, छेद क्वचितच पूर्ण वर्तुळाकार असतो आणि पेरावर तो फुगतो. दोन बांबू जोडणारा सांधा मुद्रित करावयाचा असल्यास प्रत्येक टोक कॅलिपरने दोन दिशांनी मोजून ती मापे आराखड्यात चल म्हणून भरावी लागतात. वाळताना बांबू आकसतो, म्हणून ओल्या बांबूवर घेतलेले माप उपयोगी पडत नाही. कोणता बांबू पुरेसा वाळला आहे हे यंत्राला सांगता येत नाही. बुरूड कारागिराला ते वजनावरून व आवाजावरून कळते. त्यामुळे अशा वर्गात संगणक शिकविणाऱ्याच्या बरोबरीने त्यालाही शिक्षक म्हणून, मानधन देऊन, बसविणे आवश्यक ठरते.