आवडता रंग निळा, मग आवडतं चित्रही निळंच का नसतं?

हेडफोन लावलेत ना? आजचा प्रश्न असा: एखादं चित्र आपल्याला आवडतं, त्यात रंगाचा वाटा नेमका किती?

मी इंजिनीअर माणूस. माझ्या डोक्यात आधी फॉर्म्युलाच येतो. लोकांना जो रंग आवडतो तो चित्रात जास्त टाका, चित्र हिट! हे कोणी करून पाहिलंय का? हो. कोमार आणि मेलामिड हे मूळचे रशियन, पण न्यूयॉर्कमध्ये राहणारे दोन चित्रकार. त्यांनी १९९३ साली अमेरिकेत चक्क जनमत चाचणी घेतली. सर्वात आवडता रंग निघाला निळा. मग त्यांनी लोकांच्या आवडीप्रमाणे चित्र काढलं: निळं आकाश, निळं पाणी, हरणं, फिरायला आलेली माणसं आणि मध्येच जॉर्ज वॉशिंग्टन! हा खोचक विनोद होता. आवडीनिवडींची बेरीज केली म्हणजे चांगलं चित्र होत नाही.

पण निळाच का? पामर आणि श्लॉस या संशोधकांनी २०१० मध्ये एक उत्तर मांडलं. एखाद्या रंगाच्या वस्तू आपल्याला जितक्या आवडतात, तितका तो रंग आवडतो. निळा म्हटलं की निरभ्र आकाश, स्वच्छ पाणी. शेवाळी-तपकिरी म्हटलं की सडकं-कुजकं काहीतरी. पटतं ना? फक्त एक लक्षात घ्या, ही गोष्ट सुट्या रंगाच्या चौकोनांची आहे. रेम्ब्रांटची चित्रं बघा, तपकिरीच तपकिरी! तरी लोक त्यांच्यासमोर थबकतात.

आता माझा आवडता प्रयोग. पोर्तुगालच्या मिन्यो विद्यापीठातले नासिमेंटो आणि त्यांचे सहकारी, साल २०१७. कलरव्हील डोळ्यासमोर आणा. चित्रातले सगळे रंग त्या चाकावर एकाच कोनातून फिरवायचे. लाल पिवळ्याकडे सरकला की पिवळा हिरव्याकडे, निळा जांभळ्याकडे. प्रत्येक ठिपका किती उजळ किंवा गडद, ते मात्र तसंच ठेवायचं. मग बघणाऱ्याला सांगायचं, तुम्हाला सर्वात छान दिसेल तिथे थांबवा.

लोक कुठे थांबले? सरासरी काढली तर चित्रकाराच्या मूळ रंगांच्या अगदी जवळ!

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, चेहरा हिरवा झाला की विचित्र दिसणारच. पण प्रयोगात अमूर्त चित्रंही होती. तिथे ना चेहरा, ना झाड.

म्हणजे दोन सोपे फॉर्म्युले एकदम बाद. आवडता रंगच सगळं ठरवत असता, तर लोकांनी चित्र निळं होईपर्यंत चाक फिरवलं असतं. आणि रंगांमधलं अंतर नीट जमलं की झालं, असं असतं, तर कुठलाही कोन चालला असता, कारण फिरवताना ते अंतर बदलत नाही. चित्रात कुठला रंग, किती आणि कशाच्या शेजारी, हे सगळं मिळून आपली पसंती ठरते.

घरी करून बघा. गायतोंडे यांचं एखादं चित्र फोनवर उघडा आणि फोटो एडिटरमधला ‘ह्यू’ स्लायडर सरकवा. एक सूचना: साध्या एडिटरमध्ये रंगाबरोबर उजळपणाही बदलतो. पिवळ्याचा निळा झाला की तो गडद दिसतो. म्हणून प्रयोगात ‘सीलॅब’ वापरतात. ही रंग मोजण्याची अशी पद्धत आहे, की तिच्यात उजळपणा वेगळा धरून ठेवता येतो.

आणि इथेच आपला तोटा होतो. आपण बहुतेक चित्रं फोनवरच बघतो. रात्री आय कम्फर्ट मोड स्क्रीन पिवळसर करतो, व्हिविड मोड रंग भडक करतो. चित्रकाराने विचार करून ठेवलेला रंग आपल्यापर्यंत पोचतच नाही, आणि आपण म्हणतो, ‘छे, नाही आवडलं.’ त्यामुळे पुढच्या वेळी चित्र नापास करण्याआधी दोन्ही मोड बंद करा. आणि जमलं तर गॅलरीत जाऊन मूळ चित्रच बघा. मग आवडलं नाही, तर ते मत तुमचं. फोनच्या सेटिंगचं नाही!

चला, भेटू पुढच्या भागात.