हजेरीपटावर न दिसणारे अपंगत्व

कुबडी घेऊन किंवा काठी टेकीत शाळेत येणारे मूल शिक्षकांच्या नजरेत पहिल्याच दिवशी भरते. त्यास पुढे बसवावे, त्याच्या वाटेतील पायरी काढावी, हे कोणी सांगावे लागत नाही. परंतु ज्याची खूण अंगावर कोठेही दिसत नाही, असेही एक अपंगत्व भंडारा जिल्ह्यातील शाळांतून वावरत असते. सिकलसेल हा तो रक्तविकार होय. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात त्यास स्थान नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यांत सिकलसेलचा समावेश केला.

तांबड्या रक्तपेशी एरवी वाटोळ्या व लवचीक असतात. या विकारात प्राणवायू कमी पडताच त्या धान कापण्याच्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागास रक्त मिळेनासे झाले, की हाडांत, सांध्यांत, पाठीत व पोटात असह्य कळा उठतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते; ही १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून मूल फिकट दिसते, डोळे पिवळसर होतात व थोड्या श्रमाने दम लागतो. नागपूरच्या परिसरात हा दोष असल्याचे डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी १९५८ मध्येच प्रसिद्ध केले होते.

हा रोग स्पर्शाने, उष्ट्याने वा एका बाकावर बसल्याने होत नाही. तो आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेस मूल रुग्ण होण्याचा संभव चारांत एक असतो. नुसत्या वाहकास सहसा काही त्रास होत नाही. त्यास रोगी समजणे चूक होय. गावात ही गोष्ट बहुधा झाकून ठेवली जाते, विशेषतः मुलीच्या बाबतीत. कारण पुढे सोयरीक जुळण्याची चिंता असते. तेव्हा पालकांनी विश्वासाने सांगितलेले शिक्षकांनी वर्गात उच्चारू नये.

वर्गात मात्र या मुलाचा रोग आळसाच्या वेषाने येतो. महिन्यातून चार दिवस गैरहजर, कवायतीत मागे, आणि तासातून दोनदा लघवीस जाण्याची परवानगी मागणारा! वस्तुतः या विकारात मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत. तशात शरीरातील पाणी घटल्यास कळा उठतात. म्हणून त्याने वरचेवर पाणी प्यावे व मागेल तेव्हा बाहेर जावे, हीच शिस्त समजावी. थंडीच्या दिवसांत त्यास उघड्या पटांगणावर प्रार्थनेस बसविण्याऐवजी खोलीत बसवावे. खेळातून त्याचे नाव काढू नये, कारण खेळातील सहभाग हा कायद्याने त्याचा हक्क आहे. फक्त दम लागताच थांबण्याची मोकळीक द्यावी. उन्हात उभे करण्याची शिक्षा तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने कोणत्याच मुलास देता येत नाही.

शाळेत वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्या अशा मुलास डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत. त्याचे रक्त लोहाच्या उणिवेने कमी झालेले नसते. ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे, एकाएकी हातपाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी निरोप धाडून वाट पाहू नये. मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे व पालकांस तेथेच बोलवावे.

शंका आल्यास शालेय आरोग्य तपासणीच्या पथकास ते मूल आवर्जून दाखवावे. रक्ताची साधी चाचणी दोष सुचविते. रुग्ण की वाहक, हे पुढील तपासणीने ठरते. विकाराचे प्रमाण ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळालेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि परीक्षेत जादा वेळ वा लेखनिक यांची तरतूदही कायद्यात आहे. प्रमाणपत्र नसले, तरी पाण्याची बाटली बाकावर ठेवू देण्यास कोणाच्या हुकुमाची गरज नाही.

गैरहजेरीच्या दिवसांचा अभ्यास शेजारच्या मुलाकरवी घरी पाठवावा, आणि परत आल्यावर त्यास मागील पाठ विचारण्यापूर्वी दोन दिवस जाऊ द्यावेत.