तारखेचा माल

मे महिन्यातले सकाळचे अकरा. आमगावचे रस्ते उन्हानं आताच रिकामे होऊ लागलेत, पण स्टेशनकडच्या या बेकरीत टेबलाभोवती आम्ही चौघं-पाचजण उभे आहोत. टोस्टचे पत्रे बाजूला सारून मधोमध एक खोका फोडलाय. शारजाहून सुट्टीवर आलेला भाचा मामाला माल दाखवतोय. तिकडे एका मोठ्या सुपरमार्केटात तो बेकरीच्या विभागात कामाला आहे. रॅक भरायचे, जुना माल काढायचा, नवा लावायचा.

खोक्यातून खजूर भरलेल्या मामूलचा डबा निघतो, बटर-बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा निघतो आणि चॉकलेट भरलेल्या क्रोसाँचे पुडे निघतात. मामा एक पुडा हातात घेऊन अंगठ्यानं दाबतो. पन्नास वर्षांचा हात आहे, मैदा कळणारा.

“इतके दिवस मऊ कसा राहते गा हा?”

“मऊपणाचं राहू द्या, मामाजी. पहिले हे पाहा.” भाचा पुडा उलटा करतो. अरबी मजकुराखाली दोन तारखा छापल्यात, माल बनल्याची आणि मुदत संपण्याची. अरबी आकडे तो आपल्या अंकांसारखे सरसर वाचतो. तारखा मूळ वेष्टनावरच हव्यात, वरून चिकटवलेली चिठ्ठी चालत नाही. मजकूर अरबीत हवा. डुकराची चरबी नको, दारूचा अंश नको. हे सगळं जमलं तरी खरी कसोटी पुढे आहे. आखाती देशांच्या अन्ननियमांत जुनी अट अशी की माल बंदरात पोचेल तेव्हा त्याची निम्मी मुदत तरी शिल्लक असावी.

भाचा रद्दी पेपराच्या कडेला पेन्सिलीनं मांडून दाखवतो. सहा महिन्यांचा केक धरा. निदान तीन महिने उरले असताना तो दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरायलाच हवा. युरोपातून सुवेझमार्गे यायचं तर समुद्रातच आठवडे जातात. त्याआधी कारखान्याचं गोदाम, त्यानंतर बंदरावरची तपासणी, मग आयातदाराचं गोदाम. दुकानदारालाही भरपूर मुदत उरलेलाच माल हवा असतो. न खपलेला माल आयातदारानं परत न्यायचा, अशी अट बऱ्याच करारांत असते. आयात शुल्क 5 टक्के, 2018पासून अमिरातीत व्हॅट 5 टक्के. हे पैसे आधीच हिशेबात धरता येतात. फुकट गेलेले दिवस मात्र कुणी भरून देत नाही.

मला हे ऐकताना वाटतं, आयातदार तिकडे मैदा-लोणी विकतच नाही, तो उरलेले दिवस विकतो. म्हणून तर तिथल्या ताज्या क्रोसाँचा मोठा भाग उणे 18 अंशांवर गोठवून, कच्चा किंवा अर्धा भाजून कंटेनरनं येतो आणि दुकानातल्या ओव्हनमध्ये फुलतो. दुसरी वाट म्हणजे भट्टीच बाजाराजवळ नेणं. मामाच्या हातातला पुडा त्याच वाटेनं आलाय. त्यावरचं ‘सेवन डेज’ हे नाव मूळचं ग्रीसच्या चिपिता कंपनीचं, पण आखातासाठी तो माल सौदीतच भाजायची सोय झाली, ती अलमराई या दुधाच्या कंपनीच्या भागीदारीतून.

“अन् रमजानात?” मामा विचारतो. धंद्याचा माणूस सणावर बरोबर येतो.

“तेव्हा मामूल धो-धो खपते. पण रमजान दरसाल दहा-अकरा दिवस आधी सरकते. ऑर्डर लावणाऱ्याला चंद्र पाहा लागते अन् मुदतही पाहा लागते. ईद झाली की उरलेला डबा कोणी उचलत नाही.”

मग बोलणं आपल्या मालाकडे वळतं. खारी, टोस्ट, नानखटाई तिकडे चालते का? भाचा मान हलवतो, चालते. विदर्भाशी नातं असलेल्या दातार कुटुंबानं 1984 साली दुबईत छोटं किराणा दुकान काढलं, त्याचा आज ‘अल आदिल’ हा मोठा व्यापार झालाय. आपल्या माणसांना घरच्या चवीचा माल लागतो, यावरच तो उभा राहिला. न्हावा शेवा बंदरातून जेबेल अली आठवड्याच्या आत गाठता येतं. युरोपच्या केकाला हे सुख नाही. आमगावहून न्हावा शेवा मात्र हजारेक किलोमीटर आहे, तेवढा रस्ता आपल्याला जास्तीचा.

तेवढ्यात लांजीकडच्या रस्त्यावरून आलेली एक बाई काउंटरशी थांबते. टोस्टचा पुडा उचलते, उलटसुलट करते.

“ताजा हाय का जी?”

“कालच रातचा आहे, बाई. न्या बिनघोर.”

ती पैसे देते आणि जाते. मी त्याच ढिगातला एक पुडा उचलून पाहतो. छापील वेष्टनावर तारखेसाठी चौकट आहे, आणि ती कोरी आहे. बंद पुड्यावर तारीख घालणं आपल्याकडेही कायद्यानं सक्तीचं आहे. मामा खोटं बोलत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. पण हाच पुडा देवरी-सालेकशाकडच्या खेड्यातल्या टपरीवर महिनाभर टांगलेला असतो, तेव्हा मामा तिथं सांगायला नसतो. शारजातल्या गिऱ्हाइकाला जे छापून मिळतं, ते आमगावच्या गिऱ्हाइकालाही मिळायलाच हवं. त्यात माझ्या मनात जराही किंतु नाही.

भाच्याच्याही लक्षात ती चौकट आलीय. “मामाजी, हे भरा ना. शिक्का आणून देतो मी.”

“भरू. पण मुदत किती टाकू?” मामा खरंच अडलाय. या उन्हात टोस्ट सादळत नाही, पण त्यातला डालडा खवट होतो. खारीचंही तेच, आणि पावसाळी हवेत पुडा सैल बांधला की दोन्ही लगेच सादळतात. क्रीम रोलला तर मे महिन्यात एक दिवसही जड जातो. जूनचा आकडा मे महिन्याला लागू नाही.

भाचा म्हणतो, “तर मग पाहूनच ठरवा. एकाच घाणाचे पुडे ठेवा, दर चार दिवसांनी एक फोडा. वास घ्या, मोडून पाहा, लिहून ठेवा. पावसाळ्यात पुन्हा करा.”

मामा भट्टीकडच्या पोराला हाक मारतो. “आजच्या घाणातले टोस्टचे दहा अन् खारीचे दहा बाजूला काढ गा. विकू नको ते. अन् ते कॅलेंडर इकडे आन.”