सोरोकिनची दहा वर्षे

चोवीस तासांत ३१९.६१४ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून पुण्याला धावत जायचं, तसंच परत यायचं, आणि तरी अंगात थोडं धावणं शिल्लक ठेवायचं. लिथुआनियाच्या अलेक्झांडर सोरोकिननं सप्टेंबर २०२२ मध्ये इटलीतल्या व्हेरोनात हे करून दाखवलं. सरासरी पडते किलोमीटरला साडेचार मिनिटं. रोज सकाळी मनापासून धावणाऱ्या कितीतरी जणांना हा वेग दहा किलोमीटरही टिकवता येत नाही.

हा माणूस घडला कसा, हे पाहायला २०१३ च्या आसपास जावं लागतं. तेव्हा तो तिशी ओलांडलेला, विल्नियसच्या कॅसिनोत टेबलावर पत्ते वाटणारा. लहानपणी कयाक वल्हवायचा, पण तो खेळ केव्हाच सुटला होता आणि वजन शंभर किलोच्या घरात गेलं होतं. ते उतरवायला तो धावू लागला. आपल्याकडे पंचवीस-सव्विसाव्या वर्षी खेळाडूला 'आता वय झालं' म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पुढची चार वर्षं तो सावकाश वर चढत गेला. २०१७ मध्ये ग्रीसची स्पार्टाथलॉन, अथेन्स ते स्पार्टा २४६ किलोमीटर, त्यानं २२ तास ४ मिनिटांत जिंकली. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या आल्बीत २७८.९७२ किलोमीटर धावून तो चोवीस तासांचा जगज्जेता झाला. मग कोरोना आला, कॅसिनो बंद पडले आणि सरावाला हवा तेवढा वेळ मिळाला.

एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या ॲशफर्डला, चारशे मीटरच्या ट्रॅकवर, शंभर मैलांसाठी त्यानं चारशेहून जास्त फेऱ्या मारल्या. वेळ ११ तास १४ मिनिटं ५६ सेकंद. अमेरिकेच्या झॅक बिटरचा विक्रम चार मिनिटांनी मोडला. तिथं थांबला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण तो बारा तास पुरे होईपर्यंत धावला आणि १७०.३०९ किलोमीटरचा दुसरा विक्रमही घेऊन गेला.

ऑगस्टमध्ये पोलंडमधलं पाबियानित्से. चोवीस तासांच्या शर्यतीत सगळं एकाच छोट्या वळशावर चालतं: तेच टेबल, तीच पाण्याची बाटली, तेच वळण, रात्रभर. शेवटच्या मिनिटांत धावपटूच्या हाती त्याच्या क्रमांकाचा लाकडी ठोकळा किंवा तसंच काही देतात. भोंगा वाजला की जिथं असेल तिथं ते खाली ठेवायचं. पंच अर्धवट फेरी तिथपर्यंत मोजतात. मीटरचाही हिशेब असा चोख ठेवला जातो. सोरोकिनचा हिशेब त्या दिवशी ३०९.३९९ किलोमीटरवर थांबला.

आधीचा विक्रम ग्रीसच्या यिआनिस कुरोसचा होता, ३०३.५०६ किलोमीटर, १९९७ साली ॲडलेडला केलेला. जवळजवळ चोवीस वर्षं त्याच्या आसपासही कुणी फिरकलं नव्हतं. मॅरेथॉनहून लांब धावण्याच्या ('अल्ट्रा') जगात कुरोस म्हणजे दंतकथाच. तो आकडा मोडेल असं वाटणारे फार थोडे होते. म्हणून माझ्या लेखी व्हेरोनापेक्षा पाबियानित्से मोठं. व्हेरोनात तो स्वतःच्याच पुढं दहा किलोमीटर गेला. पाबियानित्सेला त्यानं सगळ्यांच्या मनातली भिंत पाडली.

त्यानंतर विक्रमांची रीघच लागली. जानेवारी २०२२ मध्ये तेल अवीवला शंभर मैल १०:५१:३९ मध्ये, त्याच धावेत बारा तासांत १७७.४१० किलोमीटर. एप्रिलमध्ये बेडफर्डला शंभर किलोमीटर ६:०५:४१. सप्टेंबरात व्हेरोना. मे २०२३ मध्ये घरच्या विल्नियसला ६:०५:३५. सुधारणा फक्त सहा सेकंदांची, पण स्वतःच्या गावातली. वर्षअखेरीस तैपेईत त्यानं पुन्हा ३०० किलोमीटर ओलांडले आणि जगज्जेतेपद दुसऱ्यांदा घेतलं, बेचाळिसाव्या वर्षी.

शंभर किलोमीटरला सहा तासांची सीमा मात्र दुसऱ्यानं ओलांडली. ऑगस्ट २०२५ मध्ये इटलीतल्या नार्दोला दक्षिण आफ्रिकेचा सिबुसिसो कुभेका ५:५९:२० मध्ये धावला. बूट नियमात बसणारे नसल्यानं ती वेळ विक्रम म्हणून धरली जात नाही. सोरोकिन त्या दिवशीही त्याच ट्रॅकवर धावत होता. वय ४३.