डायनॅमिक लिंकरमधील ‘कॉपी रिलोकेशन’ : एक दोष व त्याचे निवारण

संगणकावर चालणारा कोणताही मोठा प्रोग्रॅम आज क्वचितच एकसंध असतो. त्याचा काही भाग मुख्य प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये असतो व उरलेला भाग निरनिराळ्या सामायिक लायब्ररींमध्ये विखुरलेला असतो. प्रोग्रॅम सुरू होताना हे सर्व भाग स्मृतीत आणून त्यांची परस्परांशी सांगड घालणे हे डायनॅमिक लिंकरचे कार्य होय. प्रत्येक नावाला, म्हणजेच सिम्बॉलला, त्याचा खरा पत्ता मिळवून देणे आणि तो पत्ता योग्य जागी लिहिणे, या क्रियेस रिलोकेशन म्हणतात. लिनक्सवर प्रचलित असलेल्या ‘एल्फ’ या फाइलरचनेत व ‘एक्स८६-६४’ या यंत्रावर रिलोकेशनची प्रत्येक नोंद २४ बाइटांची असते. कोठे लिहावयाचे, कोणत्या नावाचा पत्ता व कोणत्या प्रकारे, आणि त्यात किती मिळवावयाचे, एवढी माहिती तीत सामावलेली असते.

या व्यवस्थेचा पाया एका साध्या तत्त्वावर उभा आहे : एका नावाचे घर एकच असावे. हे तत्त्व ढळले असता प्रोग्रॅम कोसळत नाही, तक्रारही करीत नाही. तो शांतपणे चुकीचे उत्तर देतो. प्रस्तुत लेखात अशाच एका दोषाचा विचार करावयाचा आहे.

१. कॉपी रिलोकेशनचे प्रयोजन

समजा, एका लायब्ररीत ‘गणती’ नावाचे एक चल आहे व त्याचे प्रारंभीचे मूल्य ७ आहे. मुख्य प्रोग्रॅम हे चल वाचतो व बदलतो. मुख्य प्रोग्रॅमचे कंपायलेशन होत असताना ‘गणती’ आपल्याच फाइलमध्ये आहे की बाहेर, हे कंपायलरला ठाऊक नसते. ते आपल्याच फाइलमध्ये असेल असे गृहीत धरून तो सरळ पत्त्याने चल गाठणारी आज्ञा लिहितो. पुढे स्थिर लिंकरच्या लक्षात येते की चल लायब्ररीत आहे. लायब्ररी स्मृतीत कोठे उतरेल हे तर आधी सांगता येत नाही. आणि आज्ञांचा विभाग केवळ वाचनासाठी असल्याने तेथे मागाहून फेरफार करणेही इष्ट नसते.

यावर शोधलेली युक्ती अशी : स्थिर लिंकर मुख्य प्रोग्रॅमच्याच डेटाविभागात ‘गणती’साठी रिकामी जागा राखून ठेवतो व ‘कॉपी’ या प्रकारची (एक्स८६-६४ वर क्रमांक ५ ची) एक नोंद करतो. प्रोग्रॅम सुरू होताना डायनॅमिक लिंकर लायब्ररीतील मूळ मूल्य ७ उचलून त्या राखीव जागेत उतरवतो. यानंतर ‘गणती’चे घर मुख्य प्रोग्रॅममध्ये आले असे समजावयाचे. मूळ मूल्य स्वतःच एखादा पत्ता असू शकते व तो आधी दुरुस्त व्हावयास हवा. म्हणून लायब्ररींची रिलोकेशने प्रथम उरकून मुख्य प्रोग्रॅमची शेवटी केली जातात.

आता लायब्ररीला हे स्थलांतर कसे कळते? लायब्ररी आपल्या चलाकडेही सरळ जात नाही. ती ‘ग्लोबल ऑफसेट टेबल’ या सारणीतून पत्ता घेते. सारणी भरताना डायनॅमिक लिंकर नावाचा शोध मुख्य प्रोग्रॅमपासून सुरू करतो, व तेथेच त्याला नवे घर सापडते. अशा रीतीने दोन्ही पक्ष एकाच जागी पोहोचतात.

२. दोषाचा उगम

एल्फमध्ये प्रत्येक नावाला दृश्यतेचा एक गुण असतो. त्यांपैकी ‘प्रोटेक्टेड’ या गुणाचा अर्थ असा की, नाव बाहेरच्यांना दिसेल, परंतु लायब्ररीच्या आतून त्या नावाचा उल्लेख झाल्यास तो लायब्ररीतील व्याख्येकडेच जाईल. याचा लाभ उघड आहे. आतील उल्लेखांसाठी सारणीचा वळसा नको आणि नावाचा शोधही नको.

परंतु येथेच दोन सोयी परस्परांना छेद देतात. ‘गणती’ प्रोटेक्टेड असल्यास लायब्ररीतील आज्ञा तिच्या मूळ घराकडे सरळ जातात. मुख्य प्रोग्रॅम मात्र नकलेकडे जातो. प्रोग्रॅमने ‘गणती’त १२ लिहिले, तरी लायब्ररीतील फंक्शन ७ च वाचते. एकाच नावाची दोन घरे झाली. चलाऐवजी पत्त्यांची तुलना होत असेल तर परिणाम अधिकच फसवा असतो : एकाच वस्तूचे दोन पत्ते समान नाहीत असे उत्तर मिळते.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हा दोष केवळ डायनॅमिक लिंकर सुधारून नाहीसा होत नाही. लायब्ररीच्या आतील उल्लेख तिच्या निर्मितीच्या वेळीच निश्चित झालेला असतो. त्यासाठी रिलोकेशनची नोंदच उरलेली नसते. जेथे नोंद नाही, तेथे डायनॅमिक लिंकरला हस्तक्षेपाची संधीही नाही.

३. निवारणाचे दोन मार्ग

पहिला मार्ग २०१५ साली अनुसरला गेला. त्या वर्षीच्या जीसीसी ५ या कंपायलरने स्थाननिरपेक्ष मुख्य प्रोग्रॅमांतही बाह्य चलांकडे सरळ जाण्याची पद्धत स्वीकारली, त्यामुळे नकलांचे क्षेत्र वाढले. तोल सांभाळण्यासाठी लायब्ररीने आपली प्रोटेक्टेड चलेही सारणीतूनच गाठावीत असे ठरले, आणि जीलिबसी २.२२ मधील डायनॅमिक लिंकर अशा नोंदींना मुख्य प्रोग्रॅममधील नकलेचा पत्ता देऊ लागला. दोन घरांचे पुन्हा एक घर झाले. पण प्रोटेक्टेड या गुणाचे मुख्य प्रयोजनच त्यात लोपले. शिवाय आतील उल्लेख आधीच बांधून टाकलेल्या लायब्ररींना हा उपाय लागू पडत नव्हता. ‘क्यूटी’ या लायब्ररीसंचाने रिलोकेशने कमी करण्याच्या पर्यायासाठी असेच आतील बंधन वापरले होते. म्हणून तिच्या आधारे लिहिलेल्या प्रोग्रॅमांना लायब्ररींसाठी असलेल्या स्थाननिरपेक्ष पद्धतीनेच कंपायलेशन करण्याची सक्ती करावी लागली.

दुसरा मार्ग मुळाशी जाणारा आहे : नक्कलच करू नये. मुख्य प्रोग्रॅमनेच बाह्य चलाचा पत्ता सारणीतून घ्यावा, म्हणजे घर लायब्ररीतच राहील. २०२२ सालच्या जीसीसी १२ मध्ये यासाठी स्वतंत्र पर्याय आला. अशा रीतीने तयार झालेल्या लायब्ररीवर एक खूण नोंदवली जाते. आणि अशा लायब्ररीतील प्रोटेक्टेड चलाची नक्कल मागणारा जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम आढळल्यास डायनॅमिक लिंकर काम थांबवून त्रुटी कळवतो. मौन चुकीच्या जागी उघड नकार आला, हा या सुधारणेचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

या मार्गाने आणखी एक जुनी अडचण दूर होते. नकलेसाठी राखलेल्या जागेचा आकार प्रोग्रॅम जोडतानाच गोठतो. लायब्ररीच्या पुढील आवृत्तीत एखादा कोष्टकाकार चल १० घरांवरून १२ घरांवर गेला, तर जुन्या प्रोग्रॅममध्ये पहिली १० च घरे उतरतात. जीलिबसी अशा वेळी आकार भिन्न असल्याची सूचना देऊन पुढे जाते. नक्कल नसेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

४. परीक्षण व निष्कर्ष

अभ्यासकाला हा दोष स्वतः तपासता येतो. ‘रीडएल्फ’ या साधनाने मुख्य प्रोग्रॅममधील रिलोकेशनांची यादी काढावी. तीत ‘कॉपी’ प्रकारची नोंद असलेली नावे टिपावीत. आणि त्याच साधनाने लायब्ररीच्या सिम्बॉल-यादीत त्या नावांची दृश्यता पाहावी. दोन्ही याद्यांत येणारे प्रोटेक्टेड नाव संशयास्पद समजावे. ज्या लायब्ररीत आतील बंधन जोडणीच्या वेळच्या पर्यायाने झाले असेल तिच्या बाबतीत मात्र दृश्यता सामान्यच दिसते. तेथे चलाचा पत्ता दोन्हीकडून छापून पाहणे हीच खरी कसोटी होय. लायब्ररीकारांना तर याहून साधा सल्ला देता येईल : चल उघडे न ठेवता ते वाचणारे व बदलणारे फंक्शन द्यावे. मग नकलेचे कारणच उरत नाही.

तात्पर्य, कंपायलर, स्थिर लिंकर व डायनॅमिक लिंकर यांच्यातील एक अलिखित समजूत मोडली, हे या दोषाचे मूळ होय. प्रत्येकाने आपल्यापुरता उचित निर्णय घेतला, तरी तिघांचा मिळून अर्थ चुकला. म्हणूनच त्याचे निवारणही कोणा एकाच्या दुरुस्तीने झाले नाही. ती समजूत फाइलमधील खुणेच्या रूपाने स्पष्ट लिहून ठेवावी लागली.