खर्रा, मावा आणि न उघडणारं तोंड: तोंडाचा कॅन्सर होतो कसा, उपचारात घडतं काय

एसटीत रेंज गेली म्हणून ज्यांचा भाग अर्धवट राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोललो तसंच लिहिलंय, फक्त थोडं आवरून.

आजचा विषय तुमच्यातल्याच एकाने दिला. विदर्भातला मुलगा, वय २३. त्याची व्हॉइस नोट आली होती: "दादा, पाणीपुरी तोंडात जात नाही आता. तिखट लागलं की आग होते. पण मी तंबाखू खात नाही ना, नुसती सुपारी खातो. मग टेन्शन नाही ना?"

टेन्शन आहे. पण घाबरून बसण्यासारखं नाही, उठून डॉक्टरकडे जाण्यासारखं. का, ते सांगतो.

आधी कारण समजून घेऊ

भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर कुठला? फुप्फुसाचा नाही. ओठ आणि तोंडाचा. आणि याचं मोठं कारण आपण चघळतो, दाढेखाली दाबतो, त्यात आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ लोक तंबाखूचं कुठलं ना कुठलं व्यसन करताना आढळले. यात धूर न सोडणारी तंबाखू घेणारे २१.४ टक्के होते. म्हणजे सिगारेट-बिडीपेक्षा पुडी आणि बार आपल्याकडे जास्त चालतो.

प्रकार तरी किती! विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, कुठे चुना मळून तंबाखू, कुठे गुटखा. आणि घरात आजी दात घासायला वापरते ती मशेरी. तीसुद्धा भाजलेली तंबाखूच. "आमची आजी व्यसन करत नाही" असं म्हणण्याआधी तिची डबी एकदा बघा.

आता आत घडतं काय? तंबाखू वाळवताना, मुरवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात. बार गालात धरला की ती लाळेत उतरतात आणि गालाच्या आतल्या नाजूक अस्तरात शिरतात. पेशीच्या आत डीएनए असतो, म्हणजे पेशीने कसं वागायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं याची लिखित सूचना. ही रसायनं त्या सूचनेत खाडाखोड करतात. शरीर बरीचशी खाडाखोड दुरुस्त करतं. पण रोज दहा वेळा, वर्षानुवर्षं तोच मारा झाला की काही चुका तशाच राहतात. "आता थांब" सांगणारा भागच खराब झाला, की ती पेशी वाढतच सुटते. कॅन्सर म्हणजे हेच.

चुन्याचं काम वेगळं. चुन्यामुळे तोंडातलं वातावरण अल्कधर्मी होतं आणि निकोटिन झटकन रक्तात जातं. म्हणून किक बसते. शिवाय चुना अस्तर पोळतो. त्यावर दारूही असेल तर धोका नुसती बेरीज होऊन वाढत नाही, कित्येक पट होतो.

"नुसती सुपारी" हा भ्रम

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात सुपारीला पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेले पदार्थ. तंबाखू नसली तरी.

सुपारी आणखी एक गोष्ट करते. तिच्यातल्या अॅरेकोलिनमुळे गालाच्या आत तंतू साठायला लागतात. मऊ गाल हळूहळू पुठ्ठ्यासारखा कडक होतो. आधी तिखट झोंबतं, मग गाल पांढुरका दिसतो, मग तोंड उघडायचं कमी होतं. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तो कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या वाटेवरचा थांबा आहे. झालेला कडकपणा सहसा पूर्ण जात नाही. पण सुपारी लगेच बंद केली, तोंड उघडण्याचे व्यायाम आणि औषधं सुरू केली, तर तिथेच रोखायची संधी असते. त्या मित्राला मी हेच कळवलं.

तुम्हीही आत्ता करून बघा. हाताची मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि पुढच्या दातांमध्ये घाला. जातात? छान. दोनच जातायत? दंतवैद्याकडे जा. या आठवड्यातच.

कधी दाखवायचं?

सुरुवातीचा तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा दुखत नाही, आणि इथेच माणूस फसतो. "दुखत नाही म्हणजे काही नाही" असं धरून बसतो. पुढच्यापैकी काहीही दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकलं तर दाखवायचंच:

- न भरणारी जखम किंवा छाला
- पांढरा किंवा लाल चट्टा (लाल जास्त धोक्याचा)
- गालात किंवा जिभेवर हाताला लागणारी गाठ
- उगाच हलणारा दात
- मानेत गाठ
- गिळताना त्रास, किंवा कान ठीक असूनही कानात कळ

डॉक्टर संशय आल्यावर छोटा तुकडा काढून तपासतात, ती बायोप्सी. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे गावोगावी ऐकू येतं. ते खोटं आहे. पसरतो तो वाट बघण्यामुळे.

नुसतं तोंड बघून तपासण्याचा उपयोग होतो का? केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात याचा मोठा अभ्यास झाला. २००५ साली आलेल्या निष्कर्षानुसार, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांची तोंडतपासणी केल्यावर तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. लागतं काय? बॅटरी आणि शिकवलेला माणूस.

उपचार: चाकू, किरण, औषध

तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा पहिला उपचार ऑपरेशन. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढतात. जबड्यापर्यंत गेलं असेल तर जबड्याचा तुकडाही काढावा लागतो. मग पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड घेऊन नवा जबडा घडवतात. त्या हाडावाचून माणूस चालू शकतो.

मानेतल्या गाठींचं काय? त्या दिसत नसतील तरी आधीच काढाव्यात, की वाट बघावी? या प्रश्नाचं ठोस उत्तर जगाला मुंबईतून, परळच्या टाटा मेमोरियलमधून मिळालं. २०१५ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते. थांबून बघितलं त्यांच्यातले ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जीव जास्त.

आजार पुढे गेलेला असेल तर ऑपरेशननंतर रेडिएशन देतात. साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी काही मिनिटं. मशीनखाली झोपताना काही दुखत नाही. गरज असेल तर त्यासोबत केमो, बहुतेकदा सिस्प्लॅटिन.

दुष्परिणाम: न लपवता

माझ्या मामांचा हा सगळा प्रवास मी जवळून बघितलाय. त्यांनी रेडिएशन तिसऱ्या आठवड्यात सोडायची तयारी केली होती. "आजारापेक्षा औषध वाईट," म्हणायचे. पुढे काय होणार हे त्यांना कुणी नीट समजावलंच नव्हतं. मामी रोज पातळ पेज घेऊन बसायची, आणि एका नर्सताईंनी समोर बसून सांगितलं, "काका, हे ठरल्याप्रमाणेच चाललंय. उपचार संपले की काही आठवड्यांत कमी होतं." मामांनी पूर्ण कोर्स केला. म्हणून हा भाग मी तपशिलात सांगतोय.

रेडिएशन वाढणाऱ्या पेशी मारतं. पण तोंडाचं अस्तरही सतत नवं होत असतं, त्यामुळे तेही सोलवटतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं, गिळताना कळा येतात. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या चुळा, वेदनाशामक, मऊ आणि बिनतिखट जेवण. अगदीच जात नसेल तर काही दिवस नाकातून नळी. नळी म्हणजे शेवट नव्हे, वजन टिकवायची सोय. चव जाते, ती बहुतेकांची काही महिन्यांत परत येते. लाळ कमी होते, ती काहींची कायमचीच कमी राहते. लाळ नसली की दात किडतात. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम न भरण्याचा धोका असतो, म्हणून खराब दात आधीच काढून घ्यायचे असतात. हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा.

मानेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडतो, त्याला फिजिओथेरपी लागते. तोंड उघडण्याचे व्यायामही रोज.

सिस्प्लॅटिनमुळे मळमळ होते, पण आता त्यावर चांगली औषधं आहेत. मूत्रपिंडाला जपायला सलाईन देतात. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं तर लगेच सांगायचं. केस सगळे जातील ही भीती असते, पण या औषधात केस सहसा थोडेसेच गळतात. खरी भीती वेगळी आहे: पांढऱ्या पेशी कमी होतात. केमो सुरू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर घरी गोळी घेऊन झोपायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन, दागिने गहाण टाकायच्या आधी, तिथे जा.

सोडायचं कसं?

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यामुळे कायद्याच्या भरवशावर राहू नका.

निकोटिन सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड, झोप नाही, डोकं दुखतं. दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते, तेवढा वेळ काढायचा: पाणी प्या, बडीशेप चावा, टपरीवरून उठून चालायला लागा. सुपारी चावून तंबाखू सोडू नका, ते आगीतून फुफाट्यात. डॉक्टरला विचारून निकोटिन पॅच किंवा गम घेता येतो. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. तिथे समुपदेशक बोलतात, ओरडत नाहीत.

आणि आज एवढंच करा. आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावा. दोन्ही गाल, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, हिरड्या बघा. मग घरात मशेरी लावणारं, बार भरणारं जे कुणी असेल, त्यांचंही बघा. त्यात एक मिनिट जातं.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव गुप्त ठेवतो. आणि हा भाग तुमच्या टपरीवरच्या ग्रुपला नक्की टाका. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!