बाळाला दिसतं तरी किती?

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर एक तक्ता असतो. वरचं अक्षर भलंमोठं, खालची बारीक बारीक होत गेलेली. ‘वाच’ म्हटलं की तुम्ही वाचता. पण पाच महिन्यांच्या बाळाचं काय? त्याला वाचता येत नाही, बोलता येत नाही. तरीही त्याची नजर मोजता येते. तोंड बोलत नसेल तर डोळ्यांना बोलतं करायचं!

रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८च्या सुमारास दाखवून दिलं की कोरा कागद आणि नक्षी शेजारी शेजारी ठेवली, तर तान्ही बाळंसुद्धा नक्षीकडेच जास्त वेळ बघतात. हाच धागा सिअ‍ॅटलच्या डेव्हिडा टेलर यांनी पुढे नेला आणि खास पत्ते तयार झाले. लांबट, करड्या रंगाचा पत्ता. त्याच्या एका बाजूला काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा आणि मधोमध एक बारीकसं भोक. भोक कशाला? त्यातून तपासणारी व्यक्ती बाळाकडे बघत असते! बाळाचे डोळे रेघांच्या बाजूला वळले, की रेघा दिसल्या. मग आणखी बारीक रेघांचा पत्ता. असं करता करता एका पत्त्याला बाळ कुठेच ठरून बघत नाही. त्याच्या नजरेची हद्द तिथे संपली. गंमत म्हणजे रेघा कोणत्या बाजूला आहेत, हे तपासणाऱ्यालाही आधी माहीत नसतं. माहीत असलं तर मन उगीच ‘बघितलं, बघितलं’ म्हणायचं.

पण बारीक रेघा नाहीशा कशा होतात? करून बघा. पांढऱ्या कागदावर १ मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा, मध्ये तेवढीच जागा सोडून काढा. कागद भिंतीला लावा आणि मागे मागे सरका. साधारण तीन-चार मीटरवर रेघा एकमेकींत मिसळून करडा ठिपका उरेल. पत्त्याचा करडा रंगही असाच, रेघा मिसळल्यावर होईल तेवढाच उजळ ठेवलेला असतो.

तीनेक वर्षांच्या मुलांसाठी फिनलंडच्या डॉक्टर लिआ ह्युव्हारिनेन यांनी चार आकार निवडले: सफरचंद, घर, गोल, चौकोन. नीट दिसले नाहीत, तर चारही गोलच वाटतात, त्यामुळे अंदाजाने उत्तर देणं कठीण. नाव सांगता आलं नाही तरी चालतं. हातातल्या कार्डावर तसाच आकार दाखवायचा.

पण इतक्या लहानपणी नजर तपासायची एवढी घाई का? एक डोळा अधू असेल तर मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. अशा डोळ्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. लहानपणीच कळलं तर चष्मा लावून, चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावून तो कामाला लावता येतो. उशीर झाला की अवघड जातं. तुमच्या धाकट्या भावंडाचा एक डोळा झाकला तर ते खुशाल खेळतं आणि दुसरा झाकला की रडून हात ढकलतं, असं दिसलं, तर आईबाबांना लगेच सांगा.